'इंडिपेन्डंट वॉचडॉग'ला मराठीत काय म्हणायचं? (आणि 'स्वतंत्र'ची भानगड)

प्रश्न असा आलाय: ब्रिटनच्या संसदेत रुग्णांच्या सुरक्षेसाठी इंडिपेन्डंट वॉचडॉग, म्हणजे नजर ठेवणारी संस्था, काढायचं घाटत होतं आणि एका समितीने त्याची स्क्रुटिनी केली, त्यावर एक ताई मराठीत लेख लिहितायत. त्यांनी वाक्य केलंय, 'स्वतंत्र रुग्ण सुरक्षा पहारेकरी स्थापनेची संसदीय छाननी'. हे बरोबर आहे का, आणि 'पहारेकरी' कानाला खटकतो तर दुसरं काय वापरावं?

खटकतो हे खरंच. पण माझ्या मते यात सगळ्यात कमी त्रास देणारा शब्द तोच आहे, खरी गोम 'स्वतंत्र'मध्ये आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही कारण तो शब्द दिसायला अगदी साधा.

आधी पहारेकऱ्याचं उरकून घेऊ. 'राखणदार' म्हणावं तर कोकणात नि गोव्यात राखणदार म्हणजे गावची वेस राखणारा देव, त्याला नारळ द्यावा लागतो, सरकारी संस्थेला ते शोभणार नाही. 'चौकीदार' राजकारणाने वापरून गुळगुळीत केलाय. 'जागल्या' हा फार सुंदर शब्द, गावात रात्री जागून राखण करणारा तो जागल्या, पण पेपरवाल्यांनी तो व्हिसलब्लोअरसाठी, म्हणजे आतला गैरप्रकार बाहेर सांगणाऱ्यासाठी, कधीच उचललाय आणि तिथे तो पक्का बसलाय. तुमच्या लेखात व्हिसलब्लोअर नर्स-डॉक्टर येणारच, मग दोघांनाही जागल्या म्हटलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ ठरलेला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती संस्था मुळात वॉचडॉग आहे का? माझं मत, नाही. वॉचडॉग म्हटलं की भुंकणारा आणि वेळ पडली तर चावणारा. इंग्लंडमध्ये ते काम केअर क्वालिटी कमिशन करतं, हॉस्पिटलची नोंदणी, तपासणी, रेटिंग, दंड, वेळ पडली तर खटला, त्याला सरळ 'नियामक' म्हणा. तक्रार घेऊन जायचं तर वेगळा ऑम्बुड्समन आहे, म्हणजे आपल्या लोकायुक्ताच्या जातीचा. तुम्ही जिच्याबद्दल लिहिताय ती संस्था यातलं काहीच करत नाही. हेल्थ सर्व्हिसेस सेफ्टी इन्व्हेस्टिगेशन्स बॉडी असं तिचं लांबलचक नाव आणि तिचं काम एवढंच की एखादी गंभीर चूक का घडली हे शोधायचं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करावं ते सांगायचं. कुणाला शिक्षा नाही, कुणावर ठपका नाही. ही कल्पना विमानअपघातांच्या तपासावरून घेतलेली, इतकी सरळ घेतलेली की आधीच्या तात्पुरत्या संस्थेचे प्रमुख म्हणून आणलेले कीथ कॉनराडी हे ब्रिटनच्या विमान अपघात तपास खात्याचे प्रमुख होते.

आता इथे मराठीत एक अडचण येते जी मला फार इंटरेस्टिंग वाटते. आपल्याकडे 'चौकशी' हा शब्द पोस्टाच्या खिडकीवर अगदी निरुपद्रवी असतो, 'चौकशी येथे करावी', पण त्याला 'समिती' जोडली की लगेच 'ठपका', 'निलंबन', 'दोषींवर कारवाई' हे शब्द मागून चालत येतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१मध्ये आग लागून १० बाळं गेली, त्या वेळचे पेपर काढून बघा, चौकशी, ठपका, निलंबन याच क्रमाने सगळं येतं. लोकांचा राग समजू शकतो, मी तो चुकीचा म्हणत नाहीये, फक्त भाषेला त्या क्रमाची सवय लागलीय एवढंच. त्यामुळे तुम्ही 'चौकशी संस्था' लिहिलंत की वाचणारा पुढच्याच ओळीत विचारणार, मग दोषी कोण ठरलं? आणि ती संस्था तर त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच नाही म्हणून काढलेली.

म्हणून मी 'तपास' घेईन. पोलिसी वास आहे त्याला, मान्य, पण 'तपास लागला' म्हणतो तेव्हा आपल्याला हरवलेलं काहीतरी सापडलेलं असतं, आणि अहमदाबादच्या २०२५च्या विमान अपघातानंतर 'विमान अपघात तपास ब्युरो' हे नाव मराठी वाचकांच्या डोळ्यांखालून इतक्या वेळा गेलंय की वाट तयारच आहे. शिवाय 'तपासणी' नियामकाला राहते आणि 'तपास' या संस्थेला, फरक आपोआप दिसतो. 'आरोग्यसेवा सुरक्षा तपास संस्था'. 'रुग्णसुरक्षा' हा एक शब्द म्हणून लिहा, तोडून नको, आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य खर्च करून सांगा की उपचार करताना रुग्णाला इजा होऊ नये याबद्दल बोलणं चाललंय, नाहीतर लोकांना गेटवरचे सिक्युरिटी गार्ड आठवतात.

आता 'स्वतंत्र'. मराठीत याचे दोन अर्थ रोजच्या बोलण्यात आहेत. 'मुलाला स्वतंत्र खोली आहे' म्हणजे वेगळी. 'देश स्वतंत्र झाला' म्हणजे कुणाच्या ताब्यात नाही. सरकारी मराठीत तर पहिलाच अर्थ जास्त चालतो, 'स्वतंत्र कक्ष स्थापन करण्यात येईल' याचा अर्थ त्याच ऑफिसात एक टेबल वेगळं लावतील इतकाच असतो बऱ्याचदा! आणि ब्रिटनमधला सगळा वाद नेमका या दोन अर्थांच्या मधला होता.

झालं असं की मार्च २०१५मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सच्या लोकप्रशासन समितीने, अध्यक्ष बर्नार्ड जेन्किन, अशी राष्ट्रीय तपास संस्था हवी असं सुचवलं. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलमधली भयानक हेळसांड आणि मोरकॅम्ब बेमधले बाळंतपणातले मृत्यू या दोन्हीचे अहवाल तोवर आलेले होते. सरकारने मान्य केलं आणि एप्रिल २०१७पासून एक संस्था कामाला लागली, वर्षाला जास्तीत जास्त ३० तपास करायचे अशी तिची झेप. पण ती बसवली कुठे, तर एनएचएस इम्प्रूव्हमेंटच्या आत (एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा), म्हणजे जी यंत्रणा तेव्हा हॉस्पिटलांच्या कामावर देखरेख करायची तिच्याच घरात. आता सांगा, ती स्वतंत्र होती का? मराठीतल्या पहिल्या अर्थाने होती, दुसऱ्या अर्थाने नव्हती. स्वतःचा कायदा नाही, साक्षीला बोलवायचा अधिकार नाही, सांगितलेलं गुप्त ठेवण्याला कायद्याचं संरक्षण नाही. उद्या तपास सरकारच्या धोरणापर्यंत किंवा त्या देखरेख करणाऱ्यांपर्यंत पोचला तर काय, हा प्रश्न होताच.

म्हणून सप्टेंबर २०१७मध्ये सरकारने विधेयकाचा मसुदा काढला आणि २०१८मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने, परत जेन्किनच अध्यक्ष, तो चिरून बघितला. तेव्हा ताई, लेखात 'स्वतंत्र' एकट्याने टाकू नका. 'स्वायत्त' म्हणा, किंवा त्याहून बरं, फोड करून लिहा: 'आरोग्य खात्याच्या आणि एनएचएसच्या हाताखाली नसलेली'. लांब होतं, होऊ दे.

छाननीबद्दल. छाननी म्हटलं की मला तरी उमेदवारी अर्ज दिसतात, सही आहे का, सूचक आहे का, वैध की अवैध, संपलं. त्या समितीचं काम तसं नव्हतं. मसुद्यात एक कलम होतं की हॉस्पिटलं चालवणाऱ्या एनएचएसच्या ट्रस्टना मान्यता देऊन त्यांनाही स्वतःच्याच घटनांचा असा गोपनीय तपास करू द्यावा, समितीने ते साफ काढून टाका म्हणून सांगितलं, स्वतःच्या चुकांचा स्वतःच तपास आणि वर गुप्ततेचं कवच, हे चालणार नाही, आणि २०१९मध्ये विधेयक आलं त्यात ते कलम नव्हतं. याला आपल्या विधिमंडळाचा तयार शब्द आहे, 'चिकित्सा'. शक्ती विधेयक, जनसुरक्षा विधेयक, दोन्ही संयुक्त चिकित्सा समितीकडे गेली होती. फक्त तुमचा विषय दवाखान्याचा, त्यामुळे 'रुग्णसुरक्षेची चिकित्सा' असं कुठे जवळजवळ आलं तर विनोद होईल, 'मसुद्याची चिकित्सा' असंच ठेवा. आणि 'विधेयकाची' नको, 'मसुद्याची'च, कारण तेव्हा विधेयक संसदेत मांडलंच नव्हतं. २०१९चं विधेयकही निवडणुकीत वाहून गेलं, शेवटी २०२२च्या आरोग्य कायद्यात हे सगळं घातलं आणि १ ऑक्टोबर २०२३ला कायद्याने बनलेली संस्था सुरू झाली.

तुम्ही विचारलं नाहीये पण अडेल म्हणून सांगतो, 'सेफ स्पेस'. 'सुरक्षित जागा' अजिबात नको, बसस्टॉपवरच्या पाटीसारखं वाटतं. डॉक्टर-नर्सने तपासणाऱ्याला जे मोकळेपणाने सांगितलं ते हायकोर्टाच्या हुकमासारखी मोजकी कारणं सोडता बाहेर द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. मी 'संरक्षित जबाब' लिहीन. काही पेशंटच्या घरच्यांना यात लपवाछपवी दिसली आणि तो आक्षेप मला हलका वाटत नाही, तेव्हा 'गुप्त जबाब' लिहिलंत तर तुम्ही नकळत त्यांची बाजू घेतलीत असं होईल. घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण कळून.

एकूण वाक्य मी असं करीन: 'उपचारातल्या चुकांचा कुणावर ठपका न ठेवता तपास करणारी, एनएचएसच्या हाताखाली नसलेली संस्था काढण्याच्या मसुद्याची संयुक्त समितीने केलेली चिकित्सा'. मथळ्याला जड आहे, मथळ्यात 'वॉचडॉग' ठेवलात तरी माझी ना नाही, देवनागरीत तो आता सगळ्यांना कळतो.

फक्त एक खात्री करा, तुमचा संदर्भ इंग्लंडच्या या संस्थेचाच आहे ना? कारण 'पेशंट सेफ्टी कमिशनर' हे वेगळं प्रकरण आहे, तिथे 'रुग्णसुरक्षा आयुक्त' लिहावं लागेल. इंग्लंडच्या आयुक्तांना आरोग्यमंत्री नेमतात आणि स्कॉटलंडने २०२३मध्ये केलेल्या कायद्यात मात्र नाव तिथली संसद सुचवते, नेमणूक राजा करतो. म्हणजे 'स्वतंत्र' कोणत्या अर्थाने ते तिथेही दोन ठिकाणी वेगवेगळं लिहावं लागणार.