पहिलीच गाडी म्हणून १९९५ ची आरएक्स १०० घ्यावी का?

बाकीच्यांना कळावं म्हणून तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो. वय २१, पुण्यात शिकतोस, लायसन्स नुकतंच आलंय, आजवर फक्त घरची अ‍ॅक्टिव्हा चालवलीय, बजेट साठ हजार, आणि सांगलीकडे कुणाची तरी ९५ ची यामाहा आरएक्स १०० पंचावन्नला मिळतेय. (वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.)

जुनी गाडी घे, बिनधास्त घे. फक्त ही नको, निदान पहिली म्हणून तरी नको. आणि हे मी जळून बोलत नाहीये, माझ्या दारात आरएक्स उभी आहे.

कारण सांगतो. नवीन चालवणाऱ्याला गाडीने काही नखरे केले की चूक आपली का गाडीची हेच कळत नाही. सिग्नलला क्लच सोडताना बंद पडली, तर तुझा हात चुकला का प्लेटा गेल्यात? दुसरा गिअर पडला नाही, तर पाय नीट दाबला गेला नाही का आत काही झिजलंय? ब्रेक लागत नाही म्हणजे तू कमी दाबतोस का शू संपलेत? आणि त्याहून वाईट म्हणजे खराब गाडीवर शिकलास तर तिच्या खोडी तुझ्या सवयी होतात. ज्या गाडीचं आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहणं) टिकत नाही तिच्यावर शिकलेली पोरं नंतर चांगल्या गाडीवरसुद्धा सिग्नलला रेस धरून बसलेली असतात, मी अशी बरीच बघितलीत. म्हणून पहिली गाडी जुनी असली तरी चालेल पण तिच्यात कोडं नको.

आरएक्समध्ये कोडीच कोडी. भारतात ती १९८५ ते १९९६ एवढीच बनली, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता तीस वर्षांची झाली. ९८ सीसी, टू स्ट्रोक (पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारं इंजिन), ११ बीएचपी आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे उचलते कशी ते विचारूच नको, पण थांबवायला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आणि टू स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (रेस सोडली की इंजिननेच गाडी हळू होणं) जवळपास नसतंच. अ‍ॅक्टिव्हावरून उतरून थेट तिच्यावर बसणाऱ्याला हा प्रकार पहिल्या पावसात कळतो. शिवाय कंपनीने ऑइल पंप दिलेला असतो पण बऱ्याच गाड्यांचा तो मेस्त्रीने कधीच बंद करून टाकलेला असतो, मग प्रत्येक वेळी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, आणि एकदा विसरलास की हायवेवर पिस्टन जाम, मागचं चाक लॉक, त्या क्षणी क्लच दाबायचं भान राहिलं तर ठीक. माहीत असलेला माणूस आवाजावरूनच ओळखतो, तुला सध्या ओळखता येणार नाही एवढंच.

आणि किंमत. सरळ कागदांची बऱ्यापैकी आरएक्स आज लाखाच्या घरात जाते. पंचावन्नला मिळतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते बहुतेक कागदात असणार.

म्हणून आता कागदांचं नीट सांगतो, हे सगळ्याच जुन्या गाड्यांना लागू आहे. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर दर ५ वर्षांनी रिपासिंग, म्हणजे रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. म्हणजे ९५ ची गाडी २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ अशी चार वेळा आरटीओत जाऊन आलेली पाहिजे. आरसीवर (रजिस्ट्रेशनच्या कार्डावर) ‘व्हॅलिड अपटू’ काय आहे ते आधी बघ. १५ वर्षांवरच्या मोटारसायकलच्या रिपासिंगची फी २०२२ मध्ये ३०० ची १००० झाली आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये २००० झाली, वर उशिराचे महिन्याला ३०० रुपये, पर्यावरण कर वेगळा, एजंट घेतलास तर त्याचे वेगळे, त्यामुळे ‘पासिंग संपलंय पण होऊन जाईल’ असं मालक म्हणाला तर करून दे मग घेतो म्हणायचं. बाय द वे १५ वर्षं झाली की गाडी बंदच करतात असं जे लोक सांगत फिरतात ते दिल्ली आणि आसपासचं प्रकरण आहे, आपल्याकडे रिपासिंग होतं.

मग एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघ. इन्शुरन्स, पीयूसी, कर्जाची नोंद म्हणजे एचपी, सगळं दिसतं. एचपी दिसली तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि ती नोंद काढायचा ३५ नंबरचा फॉर्म पाहिजे, कर्ज कधीच फिटलंय हे तोंडी ऐकून उपयोग नाही. खूप जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन सापडतच नाही कधीकधी, तेव्हा आधी बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी लागते आणि त्यात किती चकरा होतील ते त्या आरटीओवर अवलंबून. प्रलंबित चलनंही बघून घे, तीही मालकालाच भरायला लाव.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती मालकी बदलायच्या २९-३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांना. गाडी तिसऱ्याच्या नावावर, विकतोय चौथा, फॉर्म घडी घालून डिकीत. आरसीवर ज्याचं नाव तोच समोर पाहिजे, त्याचं आधार आणि आरसीवरची सही जुळली पाहिजे. मूळ मालक वारले असतील तर वारसांकडून ३१ नंबरच्या फॉर्मने आधी वारसाच्या नावावर होऊ दे, चार भावंडांतला एक जण कबूल आहे म्हणून पैसे देऊ नको.

इंजिन आणि चासी नंबर आरसी हातात धरून स्वतः वाच. चासी नंबर हँडलच्या खाली मानेवर असतो, मोबाइलचा टॉर्च मार. अक्षरं वाकडीतिकडी, आजूबाजूला घासल्यासारखं किंवा तेवढाच भाग ताजा रंगवलेला दिसला तर चहा पिऊन परत ये. आरएक्सच्या बाबतीत तर दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेलं असणं इतकं कॉमन आहे की तिथे हे पहिलं बघायचं.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला फोनवरच सांग की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लाव, गरम असेल तर त्याने तुझ्यासाठी तयारी करून ठेवलीय. फोर स्ट्रोक गाडीतून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, म्हणजे हाफ इंजिनचं काम आलं. खडखड आवाज टॅपेटचा असेल तर किरकोळ आहे, टायमिंग चेनचा असेल तर खर्च, आणि हा फरक तुला कळणार नाही म्हणून ओळखीचा मेस्त्री बरोबर ने, दोन-चारशे रुपये दे त्याला, ते वसूल होतात. वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर नुसता आवाज वाढून गाडी पुढे जात नसेल तर क्लच प्लेटा गेल्या. पुढच्या शॉकअपच्या पाइपवर ऑइलची रेघ म्हणजे सील गेलं. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरव, मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) संपलाय. किलोमीटरवर विश्वास नको, जुन्या मीटरची केबल काढायला किती वेळ लागतो! त्यापेक्षा ब्रेक पेडल आणि फूटरेस्टचे रबर बघ, वीस हजार चाललेल्या गाडीचे रबर गुळगुळीत होत नाहीत. हँडल जिथे अडतं तो चासीवरचा स्टॉपर चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे, मालक काहीही शपथ घेऊ दे.

टाकीचं झाकण उघडून आत बघायला विसरू नको. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या बनल्या तेव्हा हे पेट्रोल नव्हतंच. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो, जुने पाइप आणि कार्ब्युरेटरचे रबर कडक होतात, मग मिसिंग (इंजिन अडखळणं) सुरू. अंगणात झाकून ठेवलेली ‘कमी चाललेली’ गाडी रोज कामावर जाणाऱ्या गाडीपेक्षा चांगली असेलच असं नाही.

मग घ्यायचं काय? साठातले पन्नास गाडीला धर आणि त्यात दहा-बारा वर्षांच्या आतली स्प्लेंडर, शाइन किंवा नीट ठेवलेली युनिकॉर्न शोध. दिसायला बोअर आहेत, मान्य. पण स्प्लेंडरचा पार्ट पुण्यातून सांगलीला जाताना मधल्या कुठल्याही गावात मिळतो आणि ती खोलायला येत नाही असा मेस्त्री महाराष्ट्रात नाही. पल्सर १५० पण चालेल, फक्त कॉलेजच्या पोराने वापरलेली नको, मधल्या वयाच्या नोकरदाराची बघ. २०१९ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही हे डोक्यात ठेव. १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही विचार, नसेल तर ४५० अधिक जीएसटी तुझ्या माथी.

उरलेले दहा लगेच लागतात. त्यातून आधी थर्ड पार्टी इन्शुरन्स तुझ्या नावावर आणि आरसी ट्रान्सफर, मग इंजिन ऑइल, दोन्ही ब्रेक शू, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, प्लग, एअर फिल्टर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा, असला टायर नक्षी शाबूत असली तरी काढून टाक, रबर वाळून दगड झालेलं असतं. चेन-स्प्रॉकेट आवाज करत असेल तर पुढच्या महिन्यात केलंस तरी चालेल, टायरला मात्र थांबू नको.