जॅमर, पावती आणि ई-चलन

प्रश्न : गणेशोत्सवात आईला डॉक्टरांकडे नेताना मी गाडी बाजारपेठेत, दवाखान्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला लावली होती. परत आलो तर पुढच्या चाकाला जॅमर होता. नगरपरिषदेच्या पार्किंग ठेकेदाराच्या माणसाने ७०० रुपये घेऊन पावती दिली आणि जॅमर काढला. संध्याकाळी मोबाइलवर ५०० रुपयांचे ई-चलनही आले. तिथे ‘नो पार्किंग’चा फलक आहे, परंतु त्यावर चाकरमान्यांच्या स्वागताचा बॅनर बांधलेला होता. चलन भरावे की तक्रार करावी?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पावती आणि ई-चलन ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. दोन्हींसाठी एकच अर्ज केलात, तर पोलीस नगरपरिषदेकडे आणि नगरपरिषद पोलिसांकडे बोट दाखवील, म्हणून अर्ज वेगवेगळे करावेत.

जॅमरच्या बाबतीत आपली बाजू अधिक भक्कम दिसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार, पार्किंगला कायदेशीर मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलून नेण्याची किंवा चाकाला जॅमर लावण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते. ठेकेदाराच्या माणसाच्या अंगात नगरपरिषदेचे जाकीट असले, तरी हा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. तेव्हा त्या दिवशी परवानगी कोणत्या अधिकाऱ्याने दिली, ७०० रुपयांचा दर कोणत्या ठरावाने ठरला आणि ठेकेदाराच्या करारनाम्यात जॅमरचा उल्लेख आहे का, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारावे. हीच कागदपत्रे माहिती अधिकारातही मागता येतात. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. परवानगीची नोंदच निघाली नाही, तर रक्कम परत मागायला आधार मिळतो. पावतीवर क्रमांक, तारीख आणि शिक्का आहे ना, तेही पाहून ठेवावे. नुसताच चिटोरा हातात दिला असेल, तर ती आणखी गंभीर तक्रार ठरते.

आता ई-चलन. ते भरून मग तक्रार करू, असा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण कलम २०० प्रमाणे तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण तिथेच मिटते. चलनावर मुदत दिलेली असेल, तर ती उलटण्यापूर्वी वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि चलनासोबतचे छायाचित्र उघडून पाहावे. त्यात फक्त नंबर प्लेट दिसत असेल आणि जागेच्या रकान्यात नुसते ‘बाजारपेठ’ लिहिले असेल, तर हे मुद्दे तक्रारीत अवश्य मांडावेत. बॅनर एव्हाना उतरला असेल. आपण त्या दिवशी फोटो काढला नसेल, तर शेजारच्या दुकानदारांनी विसर्जन मिरवणुकीचे काढलेले फोटो मागून बघावेत, कदाचित तो खांब बॅनरसकट त्यात सापडेल. बॅनरला नगरपरिषदेने परवानगी दिली होती का आणि कोणत्या तारखांसाठी, हा प्रश्नही माहिती अधिकाराच्या अर्जात घालावा. फलक झाकणाऱ्या बॅनरला परवानगी नगरपरिषदेचीच निघाली, तर त्याहून बोलका पुरावा नाही.

मात्र ‘दहाच मिनिटे लावली होती’ किंवा ‘तिथे सगळेच लावतात’ यावर अर्ज उभा करू नये. आईच्या आजारपणाचा उल्लेख एका वाक्यात पुरे. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासावी : गाडी पदपथावर, झेब्रा क्रॉसिंगवर, बसथांब्यापाशी किंवा कोणाच्या फाटकासमोर उभी असेल, तर फलक नसतानाही तो नियमभंगच असतो आणि मग बॅनरचा मुद्दा उपयोगी पडत नाही. तसे असेल, तर सरळ चलन भरावे. पार्किंगच्या अशा चलनाला बहुधा कलम १७७ लागते. त्यात पहिल्या अपराधाला कमाल ५०० रुपये आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

तक्रार फेटाळली गेली, तर काही जण लोक अदालतीचा रस्ता सुचवतील. तिथे रक्कम कमी करून तडजोड होते, त्यामुळे चूक मान्य असणाऱ्याला ती सोयीची आहे. आपल्याला चूकच मान्य नसेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा नाकबूल करावा लागेल. तिथे आपली बाजू आपण स्वतः मांडू शकता, वकील दिलाच पाहिजे अशी सक्ती नाही.