हार्विचचं थिएटर टिकलं कसं?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये इप्सविचला नोकरीला आहे. तिथून जवळच्या हार्विच गावातल्या ‘इलेक्ट्रिक पॅलेस’ थिएटरचे फोटो त्याने पाठवले, म्हणतो १९११ चं आहे आणि अजून शो चालतात. आमच्याकडची जुनी टॉकीज पाडून केव्हाच कॉम्प्लेक्स झालं. मग एवढ्याशा गावातलं हे थिएटर राहिलं कसं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मधली सोळा वर्षं ते नुसतं बंद पडून होतं, म्हणून राहिलं! विचित्र वाटेल, पण सुरुवातीपासून सांगतो म्हणजे पटेल.

हे थिएटर काढलं चार्ल्स थर्स्टनने. हा मुळात जत्रेतला माणूस, पुसेगावच्या यात्रेत तंबू टॉकीज यायच्या ना, तसाच हा तिकडच्या जत्रांमधून बायोस्कोप घेऊन फिरायचा. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, म्हणून १९०९ मध्ये तिथे कायदा झाला की प्रोजेक्टरची खोली प्रेक्षकांपासून वेगळी पाहिजे आणि ती आगीत टिकणारी पाहिजे. मग मिळेल त्या हॉलमध्ये मशीन लावून खेळ करणं अवघड झालं आणि खास सिनेमासाठी बांधलेली थिएटरं भराभर उभी राहिली. हार्विचचं त्यातलंच. आर्किटेक्ट हॅरल्ड हूपर, तरुण पोरगा, १८ आठवड्यांत काम पूर्ण, खर्च १५०० पौंड आणि २९ नोव्हेंबर १९११ ला उद्घाटन!

पुढे १९५३ च्या जानेवारी अखेरीस समुद्र खवळून पाणी गावात घुसलं, थिएटरचंही नुकसान झालं, त्यात घरोघरी टीव्ही यायला लागलेला, आणि १९५६ ला ते बंद पडलं.

आता खरी गोष्ट इथे आहे. चालू राहिलं असतं तर मालकाने दर्शनी भाग बदलला असता, आतली तोडफोड केली असती, नाहीतर तिकडच्या कितीतरी थिएटरांसारखा बिंगो हॉल (म्हणजे आपल्या हाऊजीसारखा आकड्यांचा खेळ खेळायची जागा) केला असता. इथे कोणी काही केलंच नाही. १९७२ मध्ये जुन्या इमारतींचा अभ्यास करणाऱ्यांच्या नजरेला ते पडलं तेव्हा मूकपटाच्या काळातला पडदा, मूळची प्रोजेक्शन रूम, नक्षीदार दर्शनी भाग, सगळं जागेवर! त्याच वर्षी त्याला संरक्षित इमारतीचा दर्जा मिळाला, म्हणजे परवानगीशिवाय पाडायची सोय राहिली नाही.

पण नुसत्या दर्ज्याने छप्पर गळायचं थांबत नाही हो. १९७५ ला ट्रस्ट झाला आणि १९८१ ला थिएटर पुन्हा सुरू झालं. दर्जा मिळाल्यापासून पडदा उघडेपर्यंत नऊ वर्षं गेली आणि लोकांनी तेवढी वर्षं नाद सोडला नाही, मला सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच वाटतं. आपल्याकडे टॉकीज बंद पडली की आपण हळहळतो, फोटो टाकतो आणि तोवर बिल्डर येऊन गेलेला असतो.

मुलाला सांगा, आत शिरल्यावर लॉबीतली तिकिटाची खोली नीट बघ. बाल्कनी नाहीच, सगळे खालीच बसतात. पुढे छोटं स्टेज आहे आणि कलाकारांच्या खोल्यासुद्धा बांधलेल्या आहेत. शो मुख्यतः वीकेंडला असतात, तेव्हा बाहेरून फोटो काढून परत येऊ नको म्हणावं, तिकीट काढून सिनेमा बघ, अशी थिएटरं शेवटी तिकिटांवरच चालतात.