रिपोर्ट आहे, मग वही कशाला?

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. आम्ही कर्वेनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या गणपतीत आरतीनंतर तो जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहिला. तपासण्यांमध्ये ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा जनुकीय आजार, निघाली आणि जनुकीय रिपोर्टात ‘एक्सॉन ५० डिलिशन’ असे लिहून आले. जेथे रिपोर्ट हाती दिला तेथे दोन मिनिटे बसून कोणी काही समजावले नाही. आता एका संशोधनासाठी आम्हाला विचारले आहे. ते त्याचे रक्त घेणार आहेत आणि वर्षभर वही लिहायला सांगत आहेत : किती वेळा पडला, जिना चढायला किती वेळ लागला. जनुकातला दोष सापडलेला असताना या वहीचा उपयोग काय?
— एक आई, कर्वेनगर

उत्तर : आपण आरतीनंतरची जी हालचाल लिहिली आहे, तिचे वर्णन विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ मध्ये केले होते आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जनुक सापडायला मात्र १९८६ साल उजाडावे लागले. म्हणजे या आजारात घरच्यांच्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट प्रयोगशाळेच्या शंभरहून अधिक वर्षे पुढे होती.

रिपोर्ट समजावून सांगणे राहून गेले आहे, म्हणून आधी तेच करतो. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन स्नायूच्या पेशीला आकुंचन-प्रसरणाच्या ताणातून सांभाळते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असून ते सुमारे २२ लाख अक्षरांचे, म्हणजे माणसातील सर्वांत लांब जनुकांपैकी एक आहे. त्यातील कामाचा मजकूर ७९ तुकड्यांत, म्हणजे एक्सॉनांत, विभागलेला आहे. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. ‘छगन तळ्यात कमळ बघतो’ हे वाक्य घ्या. त्यातला ‘तळ्यात’चा पहिला ‘त’ गळला आणि वाचणारा तरीही तीन-तीन अक्षरेच उचलत राहिला, तर ‘छगन ळ्यातक मळब घतो’ असे होते. गळाले एकच अक्षर, पण पुढचे सगळे बिघडले. याउलट ‘तळ्यात’ हा शब्दच पूर्ण गळला, तर ‘छगन कमळ बघतो’ उरते, आणि त्याला अर्थ आहे. ५० क्रमांकाचा एक्सॉन गळल्याने (रिपोर्टातले ‘डिलिशन’ म्हणजे हेच) पहिल्या प्रकारचा बिघाड होतो. दुसऱ्या प्रकारात प्रथिन आखूड पण बऱ्यापैकी कामाचे बनते आणि बहुधा बेकर हा सौम्य आजार दिसतो. यावरूनच असे सुचले की, ५० सोबत ५१ व्या एक्सॉनलाही वगळायला लावले तर वाक्य पुन्हा जुळते. त्या तत्त्वावरच्या एटेप्लिर्सेन या औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली; पण प्रथिनातली वाढ इतकी अल्प होती की, तज्ज्ञांमध्ये त्यावरून तीव्र मतभेद झाले. त्या वेळी अनेक पालकांनी जाहीर सुनावणीत आपल्या मुलांविषयी सांगितले. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही, परंतु ‘आता बरा चालतो’ या वाक्याची दुसऱ्या मुलाशी तुलना कशी करणार?

आपल्या वहीचे काम येथून सुरू होते. या आजारावरच्या व्हॅमोरोलोन या स्टिरॉइडला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीतले मुख्य मोजमाप मुलगा जमिनीवरून किती वेगाने उठतो, हेच होते. आरतीनंतरचा तोच क्षण, फक्त घड्याळ लावून पाहिलेला.

शिवाय, एकच डिलिशन असलेली दोन मुले सारख्या वयात चालणे थांबवत नाहीत. एलटीबीपी४ नावाच्या दुसऱ्याच एका जनुकातील भेदाचा या फरकाशी संबंध असल्याचे २०१३ मध्ये मांडले गेले. त्यासाठी रक्ताइतकीच गरज होती ती प्रत्येक मुलाचे चालणे कोणत्या वयात थांबले या माहितीची, आणि ते वय कोणत्याही यंत्रातून निघत नाही. आपल्या मुलाचे रक्त वहीशिवाय संशोधकांच्या निम्म्याच उपयोगाचे आहे.

म्हणून वहीत ‘आज दमला’ असे लिहू नये. ‘सातव्या पायरीला कठडा धरला, दुसऱ्या मजल्यापर्यंत ७० सेकंद’ असे लिहावे. शक्यतो ठरावीक वेळी मोजावे. पीएमपीच्या बसची पायरी आधाराशिवाय चढता येईनाशी झाली, तर त्या दिवसाची तारीख टाकावी. स्टिरॉइडची मात्रा बदलली, ताप आला, सहलीहून आल्यावर दोन दिवस पोटऱ्या दुखल्या, हेही यावे. त्याला स्वतःला काय जड जाते, ते त्याच्याच शब्दांत लिहिले तर फारच उत्तम. मुले बहुधा जिन्यापेक्षा मधल्या सुट्टीतल्या खेळाबद्दल बोलतात.

सही करण्यापूर्वी संमतिपत्राची मराठी प्रत मागून घ्यावी. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, रक्ताचा नमुना किती काळ ठेवणार आणि पुढे दुसऱ्या कामाला वापरणार का, हे विचारावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमतीही घ्यावी लागते, तेव्हा त्याच्याशी बोलूनच ठरवावे. संशोधनातून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या मुलाला हाच आजार आहे. सासरचे लोक दोष तिच्याकडून आला म्हणतात. माझे लग्न ठरत आहे. मी तपासणी करावी का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : सुमारे एकतृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो, आईच्या रक्तात तो नसतोच. असला तरी तो तिने केलेला नाही, हे सासरच्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. आधी बहिणीची तपासणी भाच्याच्या रिपोर्टातला नेमका बदल शोधून व्हावी; तिच्यात तो सापडला, तर तुम्ही आणि आईनेही तपासून घ्यावे. बहिणीच्या रक्तात तो मिळाला नाही, तरी काही वेळा तो केवळ बीजपेशींमध्ये, म्हणजे स्त्रीबीजांमध्ये, असू शकतो. त्यामुळे तिच्या पुढच्या गरोदरपणी गर्भाची तपासणी करण्याबद्दल जनुकीय सल्लागाराशी बोलावे. केवळ सीपीकेच्या (स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या एका विकराच्या) रक्ततपासणीवर विसंबू नये, कारण वाहक स्त्रीमध्ये, म्हणजे जिच्या जनुकात हा बदल आहे तिच्यात, ती नॉर्मलही येते. तुमच्यात बदल सापडला, तर गरोदरपणाचा विचार नसतानाही हृदयाची इको तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी, कारण काही वाहक स्त्रियांच्या हृदयाच्या स्नायूवर याचा परिणाम होतो.