वाचकांचे प्रश्न : चार कोटी अंकी मूळ संख्या तपासतात कशी?

प्रश्न : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. तिचे अंक ४,१०,२४,३२०! एवढ्या संख्येला भागून पाहिले कुणी? २ चा घात वजा १ अशी संख्या मूळ आहे का हे सांगणाऱ्या लुकास-लेमर कसोटीचा प्रोग्राम मी लिहिला, पण घातांक ७ ला शेवटी ० ऐवजी १२७ येतात आणि ६१ ला भलतेच काही.

उत्तर : भागत बसले तर जन्म पुरायचा नाही. कसोटी तुम्हाला माहीत आहेच: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या फेऱ्या. शेवटी शून्य आले तरच संख्या मूळ. घातांक ७, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १, अर्थात १२७ साठी पाच फेऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०.

गंमत बाकी काढण्यात आहे. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. याचे १२८ चे ३५ गट होतात, ७ उरतात. ३५ आणि ७ मिळून ४२, झाली बाकी! कारण १२८ ला १२७ ने भागले की १ उरतो. संगणकाला यात भागाकार नाहीच: १२८ हा २ चा ७ वा घात, म्हणून शेवटचे ७ बिट (संगणकातले ०-१ चे अंक) सोडून वरचे बिट खाली आणून मिळवायचे.

तुमची चूक इथेच आहे. शेवटच्या फेरीत १२,३१९ येतात: ९६ गट, उरले ३१, बेरीज १२७. १२७ म्हणजे शून्यच, पण तसे प्रोग्रामला सांगावे लागते. बेरीज १२७ च्या वर गेली तर पुन्हा तसेच वरचे बिट खाली आणून मिळवा.

६१ चे दुखणे वेगळे. ६१ बिटांच्या संख्येचा वर्ग १२२ बिटांपर्यंत जातो. ६४ बिटांच्या चलात वरचे बिट गुपचूप गळतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक हवे तेवढे लांब होतात, म्हणून ही अडचण येत नाही. घातांक २ मात्र कसोटीबाहेर ठेवा.

चार कोटी अंकांचा वर्ग फूरिए रूपांतराने, म्हणजे प्रचंड गुणाकार झटपट करणाऱ्या गणिती रीतीने करतात. त्यात दशांश जवळच्या पूर्णांकात बदलताना झालेली एक चूक पुढच्या सगळ्या फेऱ्या नासवते. म्हणून वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या प्रोग्रामने पडताळा घेतातच.

प्रश्न : घातांक ११ ला शेवटी १७३६ उरले. मग अवयव कोणते?

उत्तर : ते ही कसोटी सांगत नाही. घातांक ६७ ची संख्या मूळ नाही हे लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवले. अवयव अमेरिकी गणिती फ्रँक कोल यांनी मांडले १९०३ मध्ये. मात्र घातांक विषम मूळ संख्या असेल, तर प्रत्येक अवयव घातांकाच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून येतो आणि त्याला ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरतात. ११ साठी २३ पासून पाहा: २०४७ = २३ × ८९.