नगरसेवक चार, मग पाण्यासाठी जायचं कुणाकडे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात शेळगी भागात नवीन घर घेतलं. पाणी चार-पाच दिवसांआड, तेही मध्यरात्री, आणि गल्लीच्या टोकाच्या घरांना तर धारच लागत नाही. प्रभागातले चारही नगरसेवक एकमेकांकडे बोट दाखवतात. शेजारी सांगतात, एखाद्या पक्षात शिरा, म्हणजे कामं होतील. तर पक्षात जावं, की कॉलनीची समिती काढावी?

समिती काढा. आणि ती सगळ्या गल्लीची काढा, चार घरांची नको. पक्ष ज्याचा त्याच्यापाशी राहू द्या.

आधी नगरसेवकांचं समजून घ्या. आपल्या महापालिकेत १०२ जागा आणि २६ प्रभाग आहेत. २४ प्रभागांत चार-चार, दोन प्रभागांत तीन-तीन. तुम्ही मत देताना चार जणांना देता. निवडून आल्यावर ते आपसात भाग वाटून घेतात, पण ही वाटणी कागदावर कुठेच नसते. कायद्याने चौघेही पूर्ण प्रभागाचे. म्हणून एकेकाच्या घरी जाऊन तोंडी सांगू नका. चौघांच्या नावाने एकच निवेदन करा आणि चौघांची पोच घ्या. एकाच कागदावर चार सह्या दिसल्या की ‘तो भाग माझा नाही’ हे वाक्य बंद होतं.

दुसरं म्हणजे नगरसेवक एकटा काम मंजूर करत नाही. तो मागणी लावून धरतो, सभेत बोलतो, निधी सुचवतो. एस्टिमेट करतो तो कनिष्ठ अभियंता, मंजुरी आयुक्तांकडून किंवा स्थायी समितीकडून, आणि काम करतो मक्तेदार, म्हणजे ठेकेदार. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात ज्या वस्त्यांनी झोन ऑफिसला, म्हणजे महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला, थेट अर्ज करायची सवय लावून घेतली, त्यांनी ती आता नगरसेवक आले म्हणून सोडू नये.

आता पाण्याकडे येतो, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पाणी चार-पाच दिवसांआड येणं हा सगळ्या शहराचा प्रश्न आहे. उजनी धरण, टाकळी, हिप्परगा तलाव असे स्रोत आहेत, पण उजनीतून कितीही पाणी आणलं तरी ते साठवायला टाक्या आणि गल्लीपर्यंत न्यायला चांगल्या अंतर्गत जलवाहिन्या लागतात. त्यात हद्दवाढ भागाची अडचण जुनी आहे. १९९२ च्या हद्दवाढीत शहराचं क्षेत्र साधारण ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ वर गेलं. शेळगी, बाळे, देगाव, सोरेगाव, कुमठे ही गावं एकदम शहरात आली, आणि कितीतरी ठिकाणी घरं आधी झाली, पाईप मागून आले. हा प्रश्न तुमच्या एका गल्लीच्या अर्जाने सुटणार नाही. पण पहिल्या घराला भरपूर आणि शेवटच्या घराला थेंब, हे मात्र गल्लीच्या पातळीवर सुटू शकतं. अर्ज त्याचाच करा.

त्यासाठी आमच्या गल्लीने काय केलं ते सांगतो. एक वही केली. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, एवढंच लिहायचं. शिवाय पाणी आल्यावर अर्ध्या तासाने पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घरात एकाच मापाची बादली नळाखाली धरायची आणि भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर बघून टिपायचं. आमच्याकडे पहिल्या घरात बादली मिनिटाच्या आत भरायची आणि शेवटच्या घरात चहा होऊन प्यायला तरी अर्धीच असायची. हे आकडे समोर ठेवले तेव्हा अभियंत्यांनी वाद घातला नाही. स्वतः रात्री आले, पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला घेऊन व्हॉल्व्ह तपासला, तर तो पूर्ण उघडतच नव्हता. ‘पाणी कमी येतं’ या तक्रारीवर कुणी रात्री दीडला येत नाही.

पण अर्ज देण्याआधी एक अवघड काम आहे, ते टाळू नका. नळाला थेट मोटारी लावलेल्या असतील तर त्या आधी बंद करायला लागतील. सुरुवातीच्या पाच-सहा घरांनी मोटार लावली की पुढच्यांचं पाणी ओढलं जातं, आणि अधिकारी आल्यावर पहिलं वाक्य तेच ऐकवतात. हे बोलणं पुरुषांच्या बैठकीत भांडणावर जातं. आमच्याकडे ते बायकांनी केलं, कारण रात्री जागून पाणी भरतात त्याच. दोन-तीन पाळ्या सगळ्यांनी मोटारी बंद ठेवून बघायचं ठरलं, आणि वहीतला फरक सगळ्यांना दिसला. ताई, समितीत निम्म्या तरी बायका घ्याच, आणि पाण्याची वही त्यांच्याकडेच द्या.

समिती कुणाला घेऊन करायची, असं तुम्ही विचारलंय. नवीन माणसं शोधत बसू नका. सोलापुरात गल्लीत माणसं जमवायचं काम मंडळं आधीपासून करत आलीत. गणपती असो, नवरात्र असो, जयंती असो, वर्गणीचा हिशोब, परवानगीचे कागद, मिरवणुकीचा मार्ग हे सगळं त्या पोरांना तोंडपाठ असतं. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचं बघा. नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीचा मार्ग ठरलेला, तारीख ठरलेली, म्हणून खड्डे, तारा, झाडांच्या फांद्या यांची यादी आधीच महापालिकेकडे जाते, अधिकारी मार्ग चालून बघतात आणि काम संक्रांतीच्या आत उरकावं लागतं. तुमच्या गल्लीच्या गटाराला अशी तारीख नसते, म्हणून ते मागे पडतं. तारीख तुम्ही द्या. शेजारी तेलुगू बोलणारं घर असेल, कन्नड बोलणारं असेल, तर त्यांच्यातला एकेक मोठा माणूस समितीत पाहिजेच. आजी-आजोबांना त्यांच्या भाषेत सांगणारं कुणी असलं की सह्यांना वेळ लागत नाही.

रस्ता आणि गटार यांना मोठा पैसा लागतो, म्हणून तिथे हंगाम सांभाळा. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, मग ते सर्वसाधारण सभेत जातं, मार्चअखेर मंजूर व्हायचं असतं. एप्रिलमध्ये निवेदन घेऊन गेलात तर ‘तरतूद नाही’ हेच उत्तर मिळणार, आणि ते खरंही असतं. दिवाळी झाली की मागणी झोनला आणि नगरसेवकांना द्या, लांबी-रुंदी मोजून. महापालिकेचा पैसा नसेल तर आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती, दलित वस्ती सुधारणा असे इतरही मार्ग आहेत. कोणता तुमच्या वस्तीला लागू होतो ते झोनमध्येच विचारा.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात आणि ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. त्यात तक्रार लिहू नका, कागद मागा: अमुक तारखेच्या आमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, एस्टिमेटची प्रत, वर्क ऑर्डरची प्रत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यात अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात, तोही वापरा. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, पण ती भरताना फारशी कुठे दिसत नाही, म्हणून तिची वाट बघू नका.

पक्षाबद्दल मला राग नाही. याच गावात ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा लावला गेला. सोलापूरकरांनी नगरपालिका म्हणजे नुसती नळ-गटारीची कचेरी असं कधी मानलं नाही. तुम्हाला एखाद्या पक्षाचा विचार पटत असेल तर मनापासून जा. पण नळाला पाणी यावं म्हणून गेलात तर दुसऱ्या पक्षाची दहा घरं तुमच्या अर्जावर सही करणार नाहीत, आणि झोन ऑफिसात तुमची गल्ली ‘त्यांची’ म्हणून ओळखली जाईल. पुढच्या निवडणुकीत वारं फिरलं की पुन्हा पहिल्यापासून.

पुढची पाण्याची पाळी तीन-चार दिवसांत येईल. तोवर वही आणा, तीन घरं ठरवा आणि बादल्या एकाच मापाच्या घ्या. तीन पाळ्यांच्या नोंदी झाल्या की अर्जाचा मसुदा करा आणि मला पाठवा, मी वाचून दुरुस्त करून देतो.