मराठी माध्यमात शिकलोय. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकून ग्रामर आणि शब्द सुधारतील का?

सुधारतील, आणि काळ तर पुस्तकापेक्षा लवकर डोक्यात बसतील. परभणीत नववी-दहावीच्या लेकरांची इंग्रजीची शिकवणी घेतो, त्यावरून सांगतोय. बॉल चालू असताना साधा वर्तमानकाळ येतो: 'ही ड्राइव्ह्ज, अँड इट गोज फॉर फोर'. रिप्ले लागला की बहुधा भूतकाळ: 'ही वेटेड फॉर द बॉल'. स्कोअर सांगताना 'दे हॅव लॉस्ट ३ विकेट्स', कारण विकेट आधी पडल्या तरी परिणाम आत्ताचा आहे. आपण इथंच घसरतो. 'काल मॅच पाहिलीय' मराठीत चालतं, म्हणून 'आय हॅव सीन द मॅच यस्टरडे' ठोकून देतो. ते चूक, 'यस्टरडे' आलं की 'आय सॉ'. शब्दही फुकटात मिळतात. 'आय वॉज स्टम्प्ड' म्हणजे उत्तरच सुचेना. 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीत. पावसानंतर सुकत आलेल्या पिचवर बॉल कसा वागतो, हे काळ्या मातीत खेळलेल्याला वेगळं सांगायला नको. फक्त अख्खी मॅच ऐकत बसू नका: २ ओव्हर ऐका, ५ वाक्यं वहीत उतरवा, मोठ्यानं म्हणा. आणि एक सांभाळा: कॉमेंटेटर घाईत क्रियापद, 'अ', 'द' सगळं गाळतात. 'गुड बॉल, नो रन' टीव्हीवर ठीक, पेपरात 'इट वॉज अ गुड बॉल' असंच लिहायचं.